नऊची बेरीज

जुन्या ॲम्बॅसिडरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरलं तेव्हा दुपारचे साडेबारा झाले असतील. मे महिना, डोक्यावर पत्रा, शेडच्या एका अंगानं खारा वारा आणि दुसऱ्या अंगानं पावस रस्त्याची लाल धूळ. मिस्त्रीनं आणि मी मिळून ते ओतीव लोखंडाचं धूड उचललं आणि बाकावर गोणपाटावर उलटं ठेवलं. आठ व्हॉल्व्ह. २००२ नंतर त्यांनी उजेड बघितला नव्हता. पेट्रोलचं मिश्रण आत घेणारे इनलेटचे व्हॉल्व्ह काळे, तेलकट, त्यात नवल नव्हतं. पण धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टच्या चार व्हॉल्व्हांवर आणि त्यांच्या मागच्या भोकांत करड्या-पांढऱ्या रंगाची खरपुडी बसली होती, वैलाच्या कडेला राख धरते तशी, मधूनच पिवळट. मी ती लगेच ओळखली. वर्गात जिच्याविषयी बोललो होतो ती वस्तू पहिल्यांदा डोळ्यांसमोर होती. मी वाकून बघत होतो तोवर मिस्त्रीच्या भाच्यानं तारेचा ब्रश घेऊन घासायला सुरुवातही केली. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, शाळेला सुट्टी म्हणून मामाकडे आलेला. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात वडापाव. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली होती, तिच्यात ती पूड तरंगायला लागली.

"थांब! ब्रश खाली ठेव आधी!" तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाचा आवाज होता तो. पोरगा दचकला, वडापाव मातीत पडला. मिस्त्री हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. मी त्या पोराला नळावर नेलं, कोपरापर्यंत साबण लावायला लावला, तोंड धुवायला लावलं. मग फडकं ओलं करून आणलं आणि म्हटलं, ह्यानं पुसायचं, कोरडं घासायचं नाही. मिस्त्रीला ते लागलं. "काय ओ सर, आमी काय आज करतोय काय ही कामं?" एवढंच बोलला आणि बिडी ओढायला बाहेर गेला. पोरगा मात्र तिथेच उभा होता. ह्यात असं काय आहे, म्हणून त्यानं विचारलं. शिसं आहे, मी सांगितलं, जुन्या पेट्रोलातलं. तो गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग सर, तुमी ल्हानपणी ह्याच गाडीत बसायचात ना?"

हो म्हटलं. त्याच्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

गाडी अण्णांची, माझ्या वडिलांची. ॲम्बॅसिडर, मार्क टू, १९७४चं मॉडेल. पुढे चौकटीचौकटीची जाळी, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, डिपर पायाखाली. १९७६ साली अण्णांनी ती कोल्हापूरहून सेकंडहँड आणली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या वाडीत तोवर बैलगाड्या होत्या आणि एक लुना होती. अण्णांची हापूसची कलमं होती, आणि गाडी घेताना घरात कारण सांगितलं गेलं ते पेट्यांचं: मोटारीतून पेट्या बंदरावर आणि एसटी स्टँडवर नेता येतील. पण खरं कारण त्यांना यंत्राचं वेड होतं हे. इंजिनाचा आवाज ते वैद्यानं नाडी बघावी तसा ऐकायचे. दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडायचं आणि टॅपेट बघायचे, म्हणजे आठही व्हॉल्व्हांवरची फट मोजायची, हा आमच्या घरातला नेम होता, आणि त्यात मला काम असायचं. हँडल मारायचं. चारी प्लग काढून ठेवलेले असायचे, म्हणून पोराच्या हातानंही इंजिन फिरायचं. मी पुढच्या बंपरमधून हँडल घालून सावकाश फिरवायचो आणि अण्णा वाकून बघत ओरडायचे, "बस, एक उघडला! आता कितवा?" मी ओरडायचो, "आठवा!" तीन पूर्ण उघडला की सहावा मोकळा, म्हणजे पुरता मिटलेला आणि मोजायला तयार, पाच उघडला की चौथा, दोन उघडला की सातवा. बेरीज नऊ आली पाहिजे. चार सिलिंडरच्या त्या इंजिनात, एक-तीन-चार-दोन ह्या क्रमानं ठिणगी पडते म्हणून, ही नऊची बेरीज चुकत नाही. शाळेत बेरजा घोकत होतो आणि घरी ह्या एका बेरजेनं लोखंड हलत होतं. त्याचा मला जो अभिमान वाटायचा तो पुढे कुठल्या परीक्षेनं दिला नाही.

इंजिन गरम असतानाच माप घ्यायचं. म्हणजे बोटं भाजायची. फिलर गेजचं पंधरा थाउचं पातं, म्हणजे एक इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा, व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा ह्यांच्या फटीत सरकवायचं. लोण्यात सुरी जाईल तसं नाही आणि अडेल असंही नाही, किंचित धरून सोडेल असं. अण्णा त्याला "हात धरल्यासारखं" म्हणायचे. मग वहीत तारीख, किलोमीटर आणि आठ आकडे. वह्या तीन झाल्या. बहुतेक ठिकाणी आठही रकान्यांत पंधरा, पंधरा, पंधरा.

ही गाडी पेट्यांपेक्षा माणसंच जास्त वाहत राहिली. रात्री दोन वाजता दारात कंदील यायचा आणि बाहेरूनच हाक, "अण्णानू, गाडी काढा." अडलेली बाई, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस, कलमावरून पडलेला गडी. रत्नागिरीत जमलं नाही तर मिरज. हातखंबा, पाली, साखरपा आणि मग आंबा घाट. मी अण्णांबरोबर चार-पाच वेळा तरी गेलो असेन, पुढच्या अखंड सीटवर मध्ये बसून, मागे विव्हळणं आणि कुणीतरी सतत "आलं हा, आलं" म्हणतंय. घाटात अण्णा दुसऱ्या गिअरला टाकायचे आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचे. सहा-सात माणसं भरलेली ॲम्बॅसिडर, पाऊस, समोर धुकं, आणि इंजिन एका सुरात ओरडतंय. पेट्रोलचा आणि जळाल्याचा वास फरशीतून वर यायचा. माझी धाकटी बहीण एकदा सोबत होती, ती तेवढ्यावरच ओकली. मला तो वास आवडायचा. अजून कुणी जुनी गाडी चालू केली आणि तो वास आला की पहिली आठवण घाटाची येते, आणि माथ्यावर पोचल्यावर अण्णांनी स्टिअरिंगवर हलकेच थोपटलेल्या हाताची.

त्या ओरडणाऱ्या इंजिनात तेव्हा काय चाललं होतं ते मला पुढे कळलं. चढावर, भरल्या गाडीत, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लाल होण्याइतका तापतो. तो मिनिटाला हजारच्या वर वेळा आपल्या बैठकीवर, सीटवर, आपटतो. ह्या इंजिनाला सीट वेगळी बसवलेली नाही, हेडच्याच ओतीव लोखंडात ती कातलेली आहे. लाल तापलेलं लोखंड लोखंडावर आपटलं की क्षणभर कण कणाला चिकटतो आणि उघडताना तुटून येतो. तुटलेले कण गंजून कडक होतात आणि कानसेसारखे सीट खात राहतात. व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल खोल बसत जातो. तो आत गेला की टॅपेटची फट मिटते, फट मिटली की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, पेटलेला वायू फटीतून शिट्टी मारत जातो आणि व्हॉल्व्हची कडा जाळतो. ह्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे चौथा आणि पाचवा, शेजारी शेजारी आहेत, दोघांचा धूर एकाच भोकातून जातो, म्हणून सगळ्यात जास्त भाजतात ते. हे सगळं टळत होतं ते पेट्रोलमधल्या शिशामुळे. शिशाचे क्षार सीटवर पातळ थरासारखे बसायचे आणि लोखंडाला लोखंडापासून वेगळं ठेवायचे. शिसं मुळात त्यासाठी घातलेलं नव्हतं, ते घातलं होतं इंजिन ठोकू नये म्हणून, ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकू नये म्हणून. सीट सांभाळणं हा त्याचा न मागितलेला उपकार.

वर्गात हे समजावताना मी नेहमी कल्हईचं उदाहरण द्यायचो. आमच्याकडे पावसाळा सरला की कल्हईवाला यायचा, अंगणात भाता मांडायचा. पितळेची पातेली लाल करायची, नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा धूर डोळ्यांत जायचा, आणि कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं एक हात मारला की आत चांदणं पसरायचं. तो थर केवढा, तर नखानं खरवडला तर जाईल एवढा. पण कोकमाच्या साराला पितळेपासून वेगळं ठेवायला तेवढा पुरायचा. कथील महाग, म्हणून काही कल्हईवाले त्यात शिसं मिसळायचे. आई नव्या कल्हईवर पांढरं फडकं घासून बघायची आणि फडकं काळं आलं तर पातेलं परत त्याच्यापुढे आदळायची. "पोरांच्या पोटात जायचंय हे," म्हणायची. त्याच अंगणात, दहा पावलांवर, अण्णा कार्बोरेटर उघडून बसलेले असायचे.

अण्णा टाकीतून पेट्रोल काढायचे ते रबरी नळीनं, तोंडानं ओढून. दोन घोट तरी तोंडात जायचेच, ते थुंकायचे आणि हसायचे. काम संपलं की ग्रीसचे हात पेट्रोलमध्येच धुवायचे, बशीत ओतून, आणि मलाही धुवायला लावायचे. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ते टेट्राएथिल लेड कातडीतूनही आत शिरतं. मला हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि तोवर शेकडो रविवार होऊन गेले होते. ज्यानं ते पेट्रोलमध्ये घालायचं शोधून काढलं त्या थॉमस मिजलीनंही असेच हात धुतले होते. १९२१च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत त्याला आणि त्याच्या सोबत्यांना शिशाचा हा गुण सापडला, १९२३ साली ते पेट्रोल तिथल्याच डेटन शहरात विकायला आलं, आणि १९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या कारखान्यात पाच कामगार वेड लागून, झटके येऊन मेले. तेव्हा मिजलीनं वार्ताहरांना बोलावून त्यांच्यासमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं आणि त्याचा वास घेऊन दाखवला, काही होत नाही हे पटवायला. त्याच्या आधीच्या वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेतून उठला होता. त्याला माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं. ह्या दोन हात धुण्यांत मला फार मोठं अंतर वाटतं, आणि मिजलीचा राग अजून येतो.

एक मिरजेची खेप म्हणजे जाऊन-येऊन चाळीसएक लिटर पेट्रोल. त्या काळात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त शिसं घालायला परवानगी होती. म्हणजे एका खेपेला वीस ग्रॅमच्या आसपास. पूर्णगडच्या खाडीत पाग टाकणारे जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवतात, त्यातल्या दोन-तीन गोळ्या होतील एवढं. ते इंजिनात साठू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगंही घातलेली असायची, ती शिशाला पकडून धुराबरोबर बाहेर घालवायची. थोडं मागे राहायचं, थरापुरतं. बाकीचं घाटातल्या झाडांवर, साखरप्याच्या भातावर, रस्त्याकडेला गाडीला हात करणाऱ्या पोरांवर. गाडीला लागलेलं मोजायचं तर थर दिसतो. पोरांना लागलेलं कशात मोजायचं?

मोजलं ते एका भूरसायनशास्त्रज्ञानं, आणि तेही दुसरंच काही मोजायला निघालेला असताना. क्लेअर पॅटरसन उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होता. १९५६ साली त्यानं ते काढलं, साडेचारशे कोटी वर्षांहून थोडं जास्त, आणि आजही तोच आकडा धरला जातो. पण त्याआधी कित्येक वर्षं त्याचा हिशेब जुळत नव्हता, कारण प्रयोगशाळेच्या हवेत, धुळीत, माणसांच्या केसांत सगळीकडे शिसं होतं आणि ते नमुन्यात मिसळत होतं. फरशी घासून, हवा गाळून त्यानं एक स्वच्छ खोली उभी केली तेव्हा आकडा हाती आला. मग त्यानं उरलेलं आयुष्य हे शिसं आलं कुठून ह्या प्रश्नाला दिलं आणि पेट्रोल विकणाऱ्यांचा रोष पत्करला. दहावीच्या वर्गाला मी दर वर्षी ही गोष्ट सांगायचो. अभ्यासक्रमात नव्हती. मुलं शांत ऐकायची.

आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर तेवढंच. त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले होते. संध्याकाळी घरी आलो तर अंगणात दोन कॅन, वीस-वीस लिटरचे, तोंडं प्लॅस्टिकनं बांधलेली. अण्णांनी पंपावरून जुन्यातलं शेवटचं पेट्रोल भरून आणलं होतं. आमचं भांडण झालं, आयुष्यातलं बहुधा सगळ्यात मोठं. मी विष म्हणालो. ते म्हणाले, "ह्या गाडीनं किती जणांना मिरजेला पोचवलंय, मोजलंस कधी? त्यांची पोरं आज तुझ्या वर्गात बसतात." ते खरं होतं. मी तेव्हा म्हणालो की तेवढ्यानं विषाचं अमृत होत नाही. तेही खरं होतं. आई मध्ये पडली नाही, नुसती चुलीपाशी बसून राहिली. कॅनमधलं पेट्रोल दोन वर्षं खोपीत पडून कुजलं, वार्निशासारखा वास मारायला लागलं. अण्णांनी ते कधी टाकीत घातलं नाही. का घातलं नाही ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. २००२च्या मार्चात त्यांनी शेवटचे टॅपेट बघितले, गाडी चिऱ्यांवर उभी केली, आणि पुढच्या वर्षी गेले. अठ्ठ्याहत्तर वय. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते तिथे अस्थी सोडल्या.

शिसं शरीरात गेलं की बरंचसं हाडांत जाऊन बसतं, कॅल्शियमच्या जागी, आणि तिथे वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहतं. हे मी शिकवत होतो, तरी अस्थींचा कलश हातात असताना ते आठवेल असं वाटलं नव्हतं.

आठवलं.

अण्णांना शिशानं काही केलं असं मला म्हणता येत नाही. शेवटपर्यंत त्यांचा हात स्थिर होता, पंधरा थाउचं पातं ओळखण्याइतका. माझ्या डोक्यात किंवा बहिणीच्या डोक्यात काय कमीजास्त झालं असेल ते कशावरून सांगणार? लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं पोटातून शोषून घेतं, आणि त्यानं झालेलं नुकसान असं असतं की ज्याचं झालं त्याला ते कधी दिसत नाही. तो आपल्याला आहे तसाच समजत राहतो. अमेरिकेत १९७६ ते १९८० मध्ये पेट्रोलमधलं शिसं उतरत गेलं तशी माणसांच्या रक्तातली पातळीही पाठोपाठ उतरली, तेव्हा कुठे ते आकड्यात पकडता आलं. २०२१ साली अल्जीरियानं शेवटचं शिशाचं पेट्रोल बंद केलं. डेटनच्या पहिल्या पंपापासून अठ्ठ्याण्णव वर्षं. त्या बातमीनं मला बरं वाटलं, आणि त्याच रात्री खोपीत जाऊन मी गाडीवरचं मेणकापड काढलं. ह्या दोन गोष्टींचा संबंध मला नीट सांगता येणार नाही.

निवृत्तीनंतर मी ती दुरुस्तीला काढली. टाकी गंजली होती, ती आतून धुवून घेतली. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते जुन्या रबराला फुगवतं, वार्निश सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकात, आणून ठेवतं, आणि कोकणातल्या दमट हवेत पाणी ओढून घेतं. म्हणून टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम, सगळ्या नळ्या, वॉशर बदलले, आणि पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवायची ठरवली, आत हवेला जागाच उरू नये म्हणून. इथेनॉलनं मिश्रण पातळ पडतं, तर एसयू कार्बोरेटरच्या जेटखालचं नट थोडं फिरवून ते दाट करावं लागलं. ही सगळी सोपी दुखणी. खरा प्रश्न सीटचा. मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं: हेड कोल्हापूरला पाठवा, एक्झॉस्टच्या चारी सीट कातून कडक पोलादाच्या रिंगा ठोकून आणतो, मग शंभर वर्षं बघायला नको. हेड गरम, रिंग गार करून बसवतात, म्हणजे नंतर घट्ट आवळते. काम चोख होतं. पण पन्नास वर्षांच्या ओतिवाला आतून पाण्यानं किती खाल्लंय ते वरून दिसत नाही, आणि कातताना कटर पाण्याच्या वाटेत घुसला तर हेडच गेलं. शिवाय आता ही गाडी घाट कुठे चढणार? आठवड्याला पावस, गावखडी, फार तर आडिवरे. चाळीसच्या वेगानं सपाटीवर चालणाऱ्या इंजिनाची सीट सहसा इतकी तापत नाही. जुन्या गाड्यावाले आणखी एक गोष्ट सांगतात: वर्षानुवर्षं शिशावर चाललेल्या इंजिनात तो थर काही हजार किलोमीटर तरी टिकतो, इंजिनाला शिशाची आठवण राहते.

म्हणजे मी ज्या खरपुडीवरून पोरावर ओरडलो, तिच्यातलाच एक भाग गाडीला वाचवत होता.

त्या दुपारी ओल्या फडक्यानं मीच सगळं पुसलं. भोकांमधलं, दालनांमधलं सगळं काढलं. सीटच्या कडेपाशी आलो तेव्हा हात थांबला. तिथला थर करडा, गुळगुळीत, कल्हईसारखाच. ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायचे म्हणजे तो जाणार. न घासावे तर चौथ्याच्या कडेवर एक खड्डा दिसत होता. मिस्त्री बिडी संपवून परत आला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, खड्ड्यावर नखाचं टोक फिरवलं आणि म्हणाला, "चौथा घासू. बाकीचे राहू देत." तसंच केलं. फडकी, खरवडलेली पूड, हाताला घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं लोणच्याच्या बरणीत भरून झाकणाला मेण लावलं. बरणी घरी माळ्यावर आहे. अण्णांच्या गाडीतलं शिसं, असं लिहिलेली चिठ्ठी वर चिकटवली आहे, मुलांना माझ्यामागे कळावं म्हणून. परसात पुरायला माझा हात होत नाही, विहीर जवळ आहे.

मिस्त्रीची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. पोराला नवा वडापाव दिला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो परत आला. गाडी तोवर अठराशे किलोमीटर चालली होती, दसऱ्याचा झेंडूचा हार अजून बोनेटवर वाळत होता. मी टॅपेट बघायला घेतले आणि त्याला हँडल दिलं. एक उघडला की कितवा, हे त्याला दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा तोच बोलला. मधल्या मोकळ्या वेळात मी त्याला सांगितलं की हो, बसायचो, पुढच्या सीटवर मध्ये, आणि मला तो वास आवडायचा, आणि त्या वासानं आम्हाला काय केलं ते कुणाला मोजता आलेलं नाही. ही गाडी गेली नसती तर तुझ्या मामाची आई मिरजेला पोचली नसती, हेही सांगितलं. तो हँडल धरून उकिडवा बसून ऐकत होता. "मामा बोलत होता," म्हणाला. मग, "फिरवू?"

फिरव म्हटलं. पहिला पंधरा, दुसरा पंधरा. चौथा, जो घासला होता, पंधरा. मग चार पूर्ण उघडेपर्यंत त्यानं सावकाश फिरवलं आणि स्वतःच म्हणाला, "आता पाचवा." पंधराचं पातं मी लावलं. अडलं. दाबलं नाही, काढून पुसलं, परत लावलं. परत अडलं. चौदाचं लावलं, ते हात धरल्यासारखं आत गेलं. पोरानं विचारलं, काय झालं. मी पातं त्याच्या हातात दिलं आणि त्याला दोन्ही लावून बघायला सांगितलं. त्यानं बघितलं, बोटं भाजली तरी सोडलं नाही.

वही तिसरी आहे. शेवटच्या भरलेल्या पानावर मार्च २००२, अण्णांच्या अक्षरात आठ वेळा पंधरा. त्याच्या खाली मी तारीख घातली, किलोमीटर घातले, आणि पाचव्या रकान्यात चौदा लिहिलं.